भिजलेल्या चिठ्ठ्या

सत्तेचाळीस अंशांच्या मे महिन्यात
वाचनालयाचा कूलर रात्रभर गळला
आणि सकाळी अद्भुताच्या कपाटात
एकाही पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी उरली नव्हती.
वाळ्याचा वास तेवढा प्रत्येक गोष्टीला.

सचिव म्हणाले, डोंगरवार, चार दिवसांत लावा.
परीकथा, राक्षसकथा, जादू, भुतंखेतं.
चार खण आहेत, चार ढीग करा.
पोह्यांवरची तर्री वेगळी वाढायला सांगावी
इतकं सहज म्हणाले.

ओला पंचा डोक्यावर टाकून
मी महालातल्या त्या फरशीवर बसलो.
पहिलंच पुस्तक: राक्षसाचा जीव पोपटात,
पोपट पिंजऱ्यात, पिंजरा सात विहिरींखाली.
हे सोपं. दुसरा खण.
पण मधल्या पानांवर पोपटच बोलायला लागला
आपल्या आत दुसऱ्याचा जीव वागवण्याबद्दल,
इतकं खरं
की मला ते आत्मचरित्रांत सरकवावंसं वाटलं.

काही गोष्टींत माणसं इथून निघतात.
आरशाची फट, कोरड्या विहिरीची पायरी,
आणि पलीकडे भलतंच आभाळ.
काहींत इथलं कुणी नसतंच:
चंद्र दोन, ऋतू नऊ,
पहिल्या पानावर नकाशा, त्यात कामठी रोड नाही.
आणि काहींत तेच येतात आपल्याकडे.
यक्षीण बर्डीवर मोबाईलची कव्हरं विकते,
भाव करू देत नाही,
पायांकडे बघू देत नाही.
हिला काय म्हणायचं?
'शहरी', मी लिहिलं. पेन्सिलीनं.

दुपारी उत्पला टेंभुर्णे आली, सातवीत गेलेली,
चप्पल हातात, तळवे भाजलेले.
काका, चेटकीण कोणत्या खणात?
राक्षसांत, मी म्हणालो.
काहून? तिनं तर जंगलात घर बांधलं फक्त.
कुऱ्हाडी घेऊन गाव गेलं तिच्या दारात.

मी ते पुस्तक पुन्हा बाहेर काढलं.
खाली असंच आणखी एक सापडलं,
त्यात चेटकीण स्वतःच सांगते,
आणि राजपुत्राचं नावसुद्धा
तिला नीट आठवत नाही.

उत्पला पंख्याखाली पालथी पडून विचारत राहिली.
शून्य मैलाच्या दगडावर
हैदराबाद आहे, चांदा आहे, जबलपूर आहे,
सात समुद्र किती मैल ते काहून नाही?
आणि ते चार घोडे,
पाय उचलून उभे आहेत कधीचे,
ते कोणत्या गोष्टीतले?

त्यांची बी चिठ्ठी भिजली असंन वं, मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी मी हिशेब सोडला.
मला आठवलं, तान्ह्या पोळ्याला
आपणच एक राक्षसीण बांधतो बांबूची, कागदाची,
डेंगू, महागाई, खड्डे, सगळं तिच्या अंगावर ओरडतो,
घेऊन जा गे मारबत,
आणि गावाबाहेर तिला जाळून
घरी येऊन जेवतो.
ती कुठल्याच कपाटात मावत नाही.
तिच्या बाजूनं कुणी लिहिलेलं पुस्तक
निदान आमच्याकडे तरी नाही.

सचिव आले तेव्हा पुस्तकं रांगेत होती.
कोणत्या क्रमानं? त्यांनी विचारलं.
वाळायला लागलेल्या वेळाच्या, मी म्हणालो.
जाड युद्धं, अजगर, तलवारी
एका दुपारीत कडकडीत झाल्या होत्या.
सगळ्यात शेवटी एक पातळ पुस्तक, अजून ओलं.
त्यात काही घडत नाही.
एक बाई रोज सकाळी
जमिनीपासून वीतभर वर तरंगते
आणि पोळ्या लाटत राहते.
घरातलं कुणी खाली बघत नाही.

ते उत्पलानं नेलं.
नोंदवहीत 'प्रकार' या रकान्यापाशी
माझा पेन थांबला, तर तिनंच तो घेतला
आणि लिहिलं: घरचं.

सचिवांनी चष्मा वर केला, खाली केला,
आणि विचारलं,
कूलर दुरुस्त करायला कोणी येतंय का.