कीप, केप्ट, केप्ट

ग्रिम्स्बीच्या वाचनालयात, तळघरात,
दर मंगळवारी साडेसहाला
मिसेस ओल्डरॉइड एक क्रियापद घेऊन येतात,
धक्क्यावरून मासळी आणावी तसं :
ताजं, ओलं, हातातून निसटणारं.

आज फळ्यावर चारच अक्षरं. कीप.
“सोपं आहे,” त्या म्हणाल्या,
आणि आम्ही सगळे सावध झालो.
मागच्या मंगळवारी ‘गेट’सुद्धा सोपंच होतं.

त्यांनी फ्रिजमधून दुधाची बाटली काढली, हुंगली.
हे शुक्रवारपर्यंत कीप होईल, म्हणजे टिकेल.
पावती कीप करा, म्हणजे जपून ठेवा.
दिलेला शब्दही कीप करायचा,
आणि दोरिनेलच्या गावी, रोमानियात,
चाळीस पेट्या मधमाश्या होत्या, त्याही.
मी वहीत लिहिलं : पाळणे.
जरा बरं वाटलं.
आपणही शब्द आणि कोंबड्या
एकाच क्रियापदाने पाळतो,
आणि अंधार पडायच्या आत
दोन्ही घरी आल्यात का, मोजतो.

मग त्याचं दुसरं रूप आलं,
मागे आयएनजीची शेपटी घेऊन :
ती फोन करत राहते.
तो तेच विचारत राहतो.
थांबायला हवं होतं आणि थांबत नाही, ते सगळं.

हिवा न्हावी आहे, बंदराकडच्या रस्त्यावर.
त्याने हात वर केला.
“पहिल्या वर्षी गिऱ्हाईक नोट द्यायचं,
दाराकडे वळायचं, म्हणायचं, कीप द चेंज.
मला चेंजचा एकच अर्थ ठाऊक. बदल.
वाटायचं, काय माणसं आहेत ही,
मानेवरचे केस झटकता झटकता सांगून जातात,
बदललास ना, आता मागे फिरू नकोस.
रात्री दुकान झाडून झालं
की मी आरशात बघायचो, काय बदललंय.
सुटे पैसे मात्र
रस्त्यात धावत जाऊन परत करायचो.”

आम्ही हसलो. तोही.
मिसेस ओल्डरॉइड बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.
शेपटीवालं रूप.

शेवटची दहा मिनिटं : स्वतःचं एक वाक्य.
लेतेब्रहान मासळीच्या कारखान्यातून थेट येते,
बोटं अजून बर्फातच असल्यासारखी पेन धरते.
तिने लिहिलं होतं,
मी माझा भाऊ कीप करते.

लाल पेन खाली आलं, अधांतरी थांबलं.
“माणसाला असं म्हणत नाहीत गं.
सांभाळतेस का त्याला? त्याला वेगळं क्रियापद आहे.”
नाही.
“मग संपर्कात असशील. दोन शब्द जोडू या पुढे.”
सात वर्षं नाही.
“त्याचा फोटो ठेवतेस, असं?”
फोटो नाही.

रेडिएटर टकटकत होता.
ओदार्काने पान उलटलं, पुन्हा तेच उलटलं.
मिसेस ओल्डरॉइडनी पेनाला टोपण लावलं.
“वाक्य बरोबर आहे,” म्हणाल्या.
“फक्त ब्रदरमधला एच राहिलाय.”

बाहेर वारा, समुद्राकडून, तोंडावर मीठ मारणारा.
लेतेब्रहान रात्रपाळीला गेली, मागे न बघता.
दोरिनेल सायकल हातात धरून
दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत निघाला :
फाटकावर कीप क्लिअर,
हिरवळीवर कीप ऑफ,
गोल चौकात निळ्या थाळीवर बाण, कीप लेफ्ट.
गावभर टांगलेला होता हा शब्द,
आणि आम्ही वर्षभर त्याखालून
मान खाली घालून जात होतो.

कोपऱ्यावर हिवाने सगळ्यांसाठी चिप्स घेतले.
काउंटरवरची मुलगी, असेल सतराची,
अर्धे केस जांभळे, अर्धे तिचे स्वतःचे,
नाणी मोजू लागली.
त्याने ती हलकेच परत सरकवली,
तिच्या केसांकडे न्हाव्याच्या नजरेने पाहिलं
आणि म्हणाला, कीप द चेंज.

ती थँक्स म्हणाली.
कोणता अर्थ, ते तिने विचारलं नाही.