पडताळणी

खुर्चीत मी अर्धाच बसतो.
उरलेली अर्धी कोणासाठी ठेवलीय, विचारू नका.
सिव्हिल लाइन्समधलं वजनमापांचं ऑफिस,
एप्रिल, वाळ्याचा कूलर,
आणि बावीस वर्षांची नोकरी
जिचे सगळे शेरे मी आधी पेन्सिलीने लिहिले.

बोंद्रे साहेब खुर्ची पूर्ण भरून बसतात,
वर थोडे ओसंडतात.
मुंबईहून फोन आला की मात्र उभे राहतात,
केबिनमध्ये एकटे असले तरी, शर्ट आत खोचत,
आणि फोन ठेवून शिपायाला झापतात
पाणी कोमट आणलं म्हणून.
दाराच्या फटीतून पाहिलंय मी हे,
आणि पाहिलं म्हणून मनातल्या मनात माफीही मागितलीय.

मला येतं ते एवढंच:
पितळी वजन उघड्या हाताने धरायचं नसतं.
घाम लागतो, पितळ बदलतं.
मखमलीच्या खाचेतून चिमट्याने उचलायचं,
पारड्यात ठेवायचं, श्वास धरायचा.
दुकानदाराचं वजन कमी भरलं
तर त्याच्या पोटातल्या भोकात शिसं ओतून घ्यायचं,
वर शिक्का.
लाजण्यासारखं काही नाही. वजनं झिजतात.

परवा कळमन्याला गेलो, मिरची यार्डात.
नवीन लागलेली प्राची मेश्राम सोबत,
तोंडाला दुपट्टा, डोळ्यांतून धारा.
दोघांनी शिंकत शिंकत काटा तपासला.
अडत्या म्हणाला, कायले उन्हात आले जी,
आमीच आलो असतो ऑफिसात, शिक्का मारून देल्ला असता तुमी.
मी म्हणालो, वीस किलोला ऐंशी ग्रॅम मारतो तुमचा काटा.
पुन्हा पाहा ना बाप्पा.
पाहिलं.
तो हसला, कोणा आमदाराचं नाव घेतलं.
मी म्हणालो, ऐंशी.

परतताना जीपमध्ये पोरगी बघत राहिली.
सर, मीटिंगमध्ये असं का नाही बोलत तुम्ही?
तिथे पितळ नसतं ना माझ्याकडे.
विनोद म्हणून म्हणालो. ती हसली नाही.

गड्डीगोदामच्या सिग्नलला अडकलो
आणि आठवले महालातल्या शाळेतले तिसरीचे मास्तर.
ओळीतून बाहेर ओढून म्हणाले होते,
हा हेडाऊचा पोरगा, किलोत शंभर ग्रॅम कमीच.
वर्ग हसला. मीही हसलो,
घाईघाईने, मागे पडायला नको म्हणून.
बाबा पॉवरलूमवर रात्रपाळीला, त्यांना सांगितलंच नाही.
तेव्हापासून नऊशे धरून चालतो मी.
बढतीचं विचारलं तेव्हा म्हणालो, साहेब, वानखेडेला द्या.
कोणी कौतुक केलं की वळून बघतो,
मागे कोण उभं आहे.

पण कोणत्या काट्यावर तोललं होतं मास्तरांनी?
त्याच्यावर शेवटचा शिक्का कधीचा?
बावीस वर्षं गावाचे काटे तपासतोय
आणि हे एकदाही सुचू नये.

संध्याकाळी अहवाल केला.
'तपासणी करणार' या रकान्यात
साहेबांचं नाव टाइप करायची माझी सवय,
तसं करा म्हणून कोणी कधी सांगितलेलं नाही.
यावेळी रकाना रिकामा ठेवला
आणि पेनने लिहिलं: वि. ग. हेडाऊ.
अक्षर बारीकच आलं.
मिरचीचा हात लागल्यासारखी बोटं झोंबत होती.
साहेबांनी न वाचता खाली सही केली.
काहीच झालं नाही.
कूलरमधलं पाणी संपलं होतं, तेवढं प्राचीने भरलं.

रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग?
खरंच, मग काय.

आज सकाळी शिपायाचा पाय माझ्या पायावर पडला,
सॉरी मीच म्हणालो.
मग खुर्चीत बसलो.
थोडा मागे सरकलो, अजून थोडा,
पाठ टेकेपर्यंत.
मागचा डावा पाय आखूड आहे तिचा.
आज कळलं.