एका अक्षराचा अर्ज

हेफ्झिबा सटक्लिफ, कोर्टातली लघुलेखनिक.
तिच्या सात वह्या टॉडमॉर्डनच्या वाचनालयात,
तळघरात, बुटांच्या खोक्यात.
कागद तिरका धरला की पेन्सिल अजून चकाकते.

लिपी कुणा पाद्र्याची, दोन पिढ्यांत मेलेली.
चाळीस अक्षरं त्याची. एकेचाळिसावं हिचं:
रेघेखाली लोंबणारा आकडा,
खुंटीवरून निसटता निसटता
अडकलेल्या टोपीसारखा.

तीन आठवडे मी त्याला ठिपका समजत होते,
मग ह, मग पेन्सिलीचं घसरणं.

मग नॉर्मन क्लेग चहा घेऊन आला.
ठेवतो टेबलावर, म्हणाला,
आणि टेबलाच्या आधीचा तो इवलासा इंग्रजी 'द'
म्हणालाच नाही.
घशात नुसतं दार लावलं, उघडलं.
तेच! खोऱ्यातल्या माणसांनी गिळलेला शब्द
हिने गिळलेलाच लिहून घेतला होता,
मॅजिस्ट्रेटसाठी नीटनेटका न करता.

फॉर्म विचारतो: नाव, वर्ग, उच्चार.
उच्चाराच्या रकान्यात काय भरू?
माझ्याही भाषेतल्या एका अर्ध्या र ला
यंत्रांनी किती वर्षं ताटकळत ठेवलं.
आईला कळवलं होतं, इथे तीन दऱ्या एकत्र येतात.
तिच्या पडद्यावर तीन दर्या उमटले.
तिने विचारलं, पोहायला येतं ना गं तुला?

समितीचं उत्तर दीड ओळीचं.
एकाच हातचं अक्षर हा पुरावा नव्हे,
दुसरा हात दाखवा.

सातही वह्या पुन्हा. दुसरा हात नाही.
फक्त पाचवीत एक विणकरीण,
दोन बोटं गेलेली,
साक्षीत सांगते, माग थांबवलाच नाही कुणी.
मागाच्या आधी तो आकडा,
कागद फाटेस्तोवर दाबलेला.

संध्याकाळी नॉर्मन जिन्यावरून ओरडला,
जाताना दार ओढून घ्या,
आणि दाराआधी पुन्हा तेच, घशातलं.
मी डायरी उघडली,
त्याचं वाक्य तिच्या लिपीत उतरवलं,
चाचरत, दोनदा खोडून.
माझा आकडा जरा उजवीकडे कलला.

अर्जात हा चालायचा नाही, ठाऊक आहे.
खाली तारीख तेवढी घातली.