गंगावेशीतली म्हैस

मार्चपासून बूट माळ्यावर.
घड्याळात शेवटचा आकडा एकतीस,
बेचाळीसपैकी.
त्यानंतर चार्जर शोधलाच नाही.
गुडघा बरा होता,
डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलेलं.

काल रात्री दूधकट्ट्यावर गेलो,
हातात रिकामी किटली.
पेला ओठाला लागतोय तोवर
बाळगोंडाची म्हैस दावं तोडून सुटली.
"अवो, धरा की तिला!"
आणि मी सुटलो.

एक चप्पल गटारापाशी राहिली,
दुसरी मीच भिरकावली.
मिटलेली पानपट्टी, रिक्षा थांबा,
मागं लागलेली चार कुत्री,
पुढं ती, शेपूट उभारून, पोरीसारखी उधळलेली,
किटली माझ्या मांडीवर ठणठण.
छातीत तीच जुनी आग,
फक्त या खेपेला
तिच्यावर हात शेकावेसे वाटले.

रंकाळ्यात ती गळ्यापर्यंत उतरली
आणि निवांत डोळे मिटले तिनं.
मी कठड्यावर वाकून धापा टाकत हसतोय,
मनगटाकडं बघायला गेलो
तर तिथं नुसतं मनगट.

बाळगोंडा सायकल ढकलत आला.
पायांकडं बघितलं माझ्या, मग तिच्याकडं.
"पळताय की झकास!
उद्या बी सोडू काय?"

म्हटलं, सोड.
साडेपाचला.