माप

गंगावेशीत माझं दुकान, हावळ लेडीज टेलर.
मंगळवारी कमिटीची तिघं आली,
खांद्यावर हिरव्या कापडाचा तागा.
म्हणाली, बागेतल्या बाईला कायतरी शिवा.

कुठली बाई?
ती ओ, न्हाऊन केस पिळणारी. दगडाची.
आता समोर दत्ताचं देऊळ झालंय,
आरतीला घरातली बायामाणसं येतात,
बरं दिसत न्हाई.

देऊळ नंतर आलं न्हवं? मी म्हटलं.
त्यांनी ॲडव्हान्स काढून मशिनीवर ठेवला.

सकाळी सहाला गेलो, टेप गळ्यात.
चाळीस वर्षं बायकांची मापं घेतली
नजर आकड्यावर ठेवून.
हितं आकडा आणि नजर यांच्यामधी
कापडच न्हवतं.
हात थांबला.

खिद्रापूर आठवलं. भिंतीभर बाया,
त्यांना कुणी तागा न्हेला न्हाई.
कुंभोजच्या बाहुबलीपुढं, पायाला वेल तेवढी,
माझी सासू वाकली,
पदर सावरला तो स्वतःचा.
माझा पोरगा तालमीत लंगोटावर मेहनत करतो,
शेजारणी हाक मारून दूध देतात.
मग लाज राहती कुठं?
दगडात, बघणाऱ्यात,
का टेपाच्या टोकाला पत्रा लावलाय, तिथं?

घेतलं माप. छाती चौतीस. पाठ चौदा.
डावा खांदा उजव्यापेक्षा
अर्धा इंच खाली.

टेप तिथंच राहिला.
हा खांदा मला ठाऊक होता.
दर दिवाळीला त्याच्याखाली मी
एक पट्टी लपवून शिवतो,
पदर सरकू नये म्हणून.

अक्काताई. कपिलतीर्थात मेथी-पोकळा विकती.

शनिवारी ब्लाऊज न्यायला आली.
मी मान खाली घालून काजं करत बसलो.
तीच म्हणाली, "ऐकलं मी. जमलं का माप?"

"मालक गेले त्या साली
चित्रं काढायच्या शाळेत बसायची.
दिवसाला तीस रुपये.
थंडीत पोरं आठवणीनं शेगडी पेटवायची,
बघायची, पण कशी,
सोनार तागडीकडं बघतो तशी.
मास्तरांनी विचारलं, दगडात करू का तुम्हाला?
म्हटलं करा. केस तेवढे लांब ठेवा,
माझे टायफॉईडात गेलेत."

रस्त्यावरनं केएमटी गेली, काचा थरथरल्या.
मी विचारलं, मग शिवू का न्हको?
तिनं तागा उलगडला, दोन बोटांत चोळला,
उजेडात धरला.
"हिरवं नको. मला खुलत न्हाई."

आणि शिलाईतले दहा रुपये कमी देऊन गेली.

तागा अजून फळीवर हाय.
कमिटीला निरोप धाडलाय,
ब्लाऊज शिवताना श्वासासाठी
थोडी सैल सोडावी लागती,
हिला किती सोडायची
तेवढं लिहून द्या.

अजून आलेलं न्हाई.