कॅमेरा खाली का ठेवत नाही

शेवटचा खेळ सुटतो पावणेबाराला.
मी डोअरकीपर. एका हाताने दाराचा पडदा धरायचा,
दुसऱ्या हातातली बॅटरी लोकांच्या पायांवर.
पिक्चरबद्दलची पहिली मतं मलाच मिळतात,
चपलांच्या आवाजासकट.

"मूळ पाहिलाय का तुम्ही?"
हा रोज एक असतोच.
मूळ म्हणे दुसऱ्या भाषेतला, दुसऱ्या देशातला,
"जिना तोच, किंचाळी तीच, नुसती तोंडं बदललीत."
बरोबरच्याने मूळ पाहिलेला नसतो.
तो पार्किंगपर्यंत मान हलवत जातो.

सदाफुले बाईंनी मध्यंतरातच अवोमिन घेतली,
वरंध घाटात घेतात तशी.
"इतका हलतो हो! त्या पोराला एक स्टँड मिळू नये?"
मुळ्ये काका म्हणाले, घाबरलो,
पण फक्त समोशाच्या किमतीला.
कॉलेजचा मुलगा कुरकुरला,
व्हायरस आला कुठून ते सांगतच नाहीत.
मुलगी हेल्मेट चढवता चढवता म्हणाली,
"कुठल्या व्हायरसने सांगितलंय?"

आणि कुणीतरी, रोज, न चुकता:
इमारत सील झालीय, माणसं माणसांना चावतायत,
हा स्वतः मरायला टेकलाय,
तरी कॅमेरा खाली का ठेवत नाही?
पटत नाही.

"पटत नाही" म्हटलं की पुण्यात विषय संपतो.

एकोणतीस खेळ झाले.
दारं उघडायची म्हणून शेवटची अकरा मिनिटं
मी रोज आत उभा असतो.
सुरुवात पाहिलेली नाही.
ते त्या इमारतीत कशाला शिरले, हसत शिरले का,
मला माहीत नाही.
मला हिरवा अंधार माहीत आहे
आणि त्यात कुणाचातरी श्वास.

ताडीवाला रोडला आमच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले
तेव्हा हे थिएटर बंदच होतं.
पत्र्याला एक भोक होतं, त्यातून दुधाची पिशवी यायची
आणि बाहेरचं थोडं ऊन.
सोपानला न्यायला आले ते दुपारी,
डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, दोघे.
तो माझा थोरला भाऊ.
खाली उतरायचं नाही, भोंग्यावरून सांगितलं होतं.

एक मिनिट बावन्न सेकंद.
अजून आहे माझ्याकडे, दोन फोन बदलले तरी.
सोपानची चौकड्यांची लुंगी,
हातातल्या पिशवीत चार्जर आणि ब्रश,
गाडीत चढताना एक चप्पल सुटते,
कुणी उचलत नाही.
मी त्या चपलेवर झूम करत जातो.
का, विचारू नका.
मागून वहिनी म्हणते, बंद कर ते.
मी बंद करत नाही.
चित्र हलतं. सदाफुले बाईंना सोसलं नसतं.

फोन खाली ठेवला असता
तर हातांना काहीतरी करावं लागलं असतं.
आणि करण्यासारखं काही नव्हतं.

हे मी दारात कुणाला सांगत नाही.
लोकांना रिक्षा पकडायची असते.

काल मात्र एक बाई उठल्याच नाहीत. एफ रांग, कडेची खुर्ची.
झाडूवाला शकूर दोनदा खाकरला.
मी बॅटरी घेऊन गेलो, म्हटलं, ताई, संपला.
त्या म्हणाल्या, "मोजे चुकीचे काढले त्यांनी."
मला कळेना.
"हातमोजे. असे ओढून नाही काढायचे.
नायडूला होते मी तेव्हा. दिवसातून चाळीस वेळा."

मग रिकाम्या पडद्यासमोर
त्यांनी करून दाखवलं, नसलेल्या मोज्यांवर.
मनगटापाशी चिमटीत धरायचं,
आतली बाजू बाहेर करत उलटं सोलायचं,
पहिला दुसऱ्याच्या मुठीत,
दुसरा पहिल्यावर, गाठोडं होतं,
बाहेरचं काही अंगाला लागत नाही.
"लागलंच तरी," म्हणाल्या,
आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू केलं.

मी बॅटरी त्यांच्या हातांवर धरली.
हलू दिली नाही.