मिरचीचे देठ

सात पिढ्यांत आपल्या घरात अंडं फुटलं नाही,
आता आणखी काय सोडायचं राहिलंय गं?
शिवलीला दारात चपला काढत होती,
कापडी, रबरी तळाच्या.
म्हणाली, दूध.

चहाचं आधण तसंच उकळत राहिलं.

लग्नात रेशमी नको म्हणते, किडे उकळतात म्हणे.
सोलापुरात राहून सुती नेसले तर बिघडलं काय?
मी म्हटलं, आत्याला तू सांग.
मध नको, तूप नको.
परवा पंचामृत दिलं, तर पाचातली
साखर तेवढी उरली तिच्या हातावर.

मग रागानं ताट वाढलं:
कडक भाकरी, शेंगाचटणी, अंबाडी, कांदा, वर तेलाची धार.
बघत बसले, यातलं काय काढू.
काढण्यासारखं काही नव्हतंच.
तिनं भाकरी मोडली, कटकन आवाज झाला,
माझी आई मोडायची तसा.

आईमागोमाग शेळगीचा गोठा आला.
मी बोलावला नव्हता.
बापाची म्हैस, चंद्री.
तिचं रेडकू आठव्या दिवशी गेलं.
गेलं म्हणजे काय, कुणी सांगितलं नाही. नर होतं.
पुढच्या आठवड्यात त्याचं कातडं परत आलं,
आत कडबा भरून, चार काठ्यांवर.
ते धरून उभं राहायचं काम माझं.
मी नऊ वर्षांची.
चंद्री चाटायची, चाटत चाटत पान्हा सोडायची.
डोळ्यांच्या जागी टाके घातले होते,
तिथं जास्त वेळ चाटायची.
चरवीत फेस वर यायचा
आणि बाप म्हणायचा, हलू नकोस.

हलले नाही. पंचेचाळीस वर्षं.

हे लेकीला सांगितलेलं नाही.
तिच्या मोबाइलात कुठल्या परदेशातले गोठे आहेत,
माझा रिक्षानं वीस रुपयांवर होता.

काल तिनं शेंगदाणे भिजवून वाटले,
फडक्यातून पिळले,
आणि विरजण म्हणून हिरव्या मिरचीचे देठ टाकले.
देठानं दही लागतं का कुठं?
लागतं, म्हणाली. बघ की.

माझं विरजणाचं गाडगं शेजारीच आहे,
सासूनं दिलेलं, एकतीस वर्षांत मोडलं नाही.
ते टाकलेलं नाही. टाकीन असंही नाही.
चहात अजून दूध घालते. थोडं कमी.

पहाटे लाईट न लावता उठले,
तिच्या भांड्यावरचं झाकण सरकवलं,
बोट बुडवलं.
थरथरत होतं, पण धरलं होतं.
आंबट. दाण्याचा वास.

देठ काढून धुऊन ठेवले.
उद्या लागतील.